बघून ठेवलेली जागा

दिगंबर काळबांडे यांनी गेल्या जूनमध्ये परभणी सोडली. रविवारी संध्याकाळच्या गाडीने ते पुण्याकडे गेले. सोबत पत्नी सुनीता, एक शिलाई मशीन आणि दोन पेट्या होत्या. त्याआधीच्या गुरुवारी ते जिंतूरला जाऊन आले होते. त्या रविवारनंतर त्यांना परभणीत कुणी पाहिलेलं नाही.

ते आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात रोज सकाळी येत. कार्यालय बसस्थानकामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. सगळ्या आवृत्त्यांचे अंक तिथे एकत्र मिळत, म्हणून ते येत. बातम्या ते वाचत नसत. थेट छोट्या जाहिरातींच्या पानावर जात. अंक वाचून झाला की मूळ घडीवर घडी घालून ठेवत, इतकी नेमकी की अंक उघडलेला कळत नसे. कार्यालयात अंकांची अशी काळजी घेणारं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही त्या अंकांवर भजी ठेवून खात असू.

उंच, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट. शर्टाच्या खिशात टोपणाचं पेन आणि एका पाकिटात स्वतःचे पासपोर्ट आकाराचे फोटो. फोटो कधी लागेल सांगता येत नाही, असं ते म्हणत. दर दोन वर्षांनी नवे काढत, कारण फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच दिसला पाहिजे.

त्यांचं बी.एस्सी. झालं होतं आणि नंतर त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. पहिल्या पदवीवर प्रयोगशाळा सहायक होता येत होतं, दुसरीवर ग्रंथालय सहायक. इंग्रजीत दोन्हींची आद्याक्षरं एकच, एल आणि ए. त्यामुळे मोबाइलवर नोकऱ्या शोधून देणाऱ्या ॲपमध्ये त्यांनी तेवढीच दोन अक्षरं घालून ठेवली होती. एकाच जाळ्यात दोन्ही मासे येतील हा हिशेब. जाळ्यात बाकीचंही बरंच येई. वकिलांचे सहायक येत, भूसंपादन कार्यालयातले लिपिक येत. आणि अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातल्या नोकऱ्या तर रोज येत, कारण त्या शहरालाही लोक त्याच दोन अक्षरांनी ओळखतात.

या अमेरिकेच्या नोकऱ्या ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत.

"कुत्री फिरवायला मानूस पायजे. अनुभव असल्यास उत्तम. तासावर पैसे."

जाहिरात विभागाचे सलीमभाई मान वर न करता विचारत, "एलए साब, तिकट निकालूं क्या?"

"थांबा की. दुसरी बगा. गोदामात खोकी उचलायची, रातपाळी. तिसरी, म्हाताऱ्या बाईला सोबत." मग ते मोबाइल खाली ठेवत. "म्हातारीला सोबत पायजे, सलीमभाई. तिकडंबी लेकरं लांब गेलेली दिसायलीत."

ॲपमध्ये गावाचं नाव टाकलं की ही अमेरिका येणं बंद होईल, असं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि काही केलं नाही. "येऊ द्या हो," म्हणाले. "कुणाला तरी काम लागायलंय ना तिथं."

कार्यालयात, नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसोबत ते बसत त्या अभ्यासिकेत आणि गल्लीत त्यांना सगळे एलएभाऊ म्हणत. त्याचा त्यांना राग नव्हता.

दुपारपासून ते बालाजीच्या ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानात बसत. त्यावर घर चाले, शिवाय सुनीताबाई घरी ब्लाउज शिवत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते आधी एक प्रश्न विचारत.

"जागा बघून आलास का?"

"कोन्ती जागा?"

"जिथं अर्ज करायलास ती. खुर्ची. खोली. तिथं कोन बसतंय, पानी कसं हाय, साहेब बोलतो कसा."

"फॉर्म भरा की भाऊ. मुदत संपायली."

"भरतो. पर बघून ये."

बालाजी कपाळाला हात लावे. "गिऱ्हाईक माझ्या दारात येतंय अन् हा मानूस त्याला येष्टीत बसवून देतोय," असं तो सगळ्यांना सांगे. तरी त्याने काळबांड्यांना काढलं नाही. त्यांनी भरलेला अर्ज कधी फेटाळला गेला नव्हता.

जागा बघायला जाण्याची ही पद्धत त्यांची स्वतःची होती आणि ती ते लग्नाला मुलगी बघायला जावं इतक्या रीतसर पाळत. जाहिरात आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने त्या गावी जात. फाटकावरच्या शिपायाला भेटत. आत ओळख लावत. चहा पीत. ज्या खुर्चीसाठी अर्ज करायचा ती कुठे आहे, खिडकीजवळ की दाराजवळ, तिच्यावर पंखा आहे का, हे पाहून येत. खुर्चीवर मात्र बसत नसत. नेमणूक झाल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम. परत आले की सलीमभाईंचा ठरलेला प्रश्न असे, "पसंत आली का?" आणि त्यांचं उत्तर तपशीलवार असे.

सोनपेठहून ते एका बाजाराच्या दिवशी परतले तेव्हाचं उत्तर मला आठवतं. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती.

"खोली चांगली हाय. उजेड हाय. बरण्यांतले बेडूक कुणाच्या काळातले हायेत कुणास ठाऊक, पांढरे पडलेत. नळाला पानी न्हाई. तिथला शिपाई दिवसभर बादल्या वाहायलाय. त्याला इचारलं, कामून? म्हनला, पाइप फुटला तवा मी नवीन होतो."

"मग नापसंत?" सलीमभाई म्हणाले.

"पसंत की. बादल्या वाहू. त्यात काय."

अर्ज केला. मुलाखत झाली. जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांनी त्या दुसऱ्या माणसाला गाठून शिपायाचं नाव आणि पाइप कुठे फुटला आहे ते सांगितलं.

सुनीताबाईंना मी दोनदा भेटलो. पहिल्यांदा शर्टाची बाही उसवली म्हणून. त्या मशीनवरून न उठता बोलत होत्या आणि काळबांडे दारात उभे राहून ऐकत होते. "आमचं बघायला आले तवा मला एकदा बघितलं अन् हो म्हनले. मानसाला एकदा बघायचं, खुर्चीला धा येळा. माझं नशीब बगा." काळबांडे म्हणाले, "तू पैल्याच खेपेला पसंत पडलीस. खुर्च्यांचं तसं न्हाई." त्या हसल्या नाहीत, पण दोरा दाताने तोडताना थांबल्या.

दहा वेळा बघितलेली ती खुर्ची जिंतूरची होती.

जिंतूरच्या ज्या महाविद्यालयात काळबांडे शिकले तिथल्या ग्रंथालयात रंगनाथकाका नावाचे सहायक होते. काळबांडे विद्यार्थी असताना दुपारचे तास बुडवून त्यांच्याजवळ बसत. मैद्याची खळ शिजवून फाटक्या पुस्तकांचे पुठ्ठे कसे लावायचे, ते काकांनी त्यांना शिकवलं. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही, हेही. काका निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. भरतीला मंजुरी नव्हती. एक वर्ष गेलं, मग पुढची. ग्रंथपाल एकटेच सगळं बघत. काकांची खुर्ची टेबलामागे तशीच राहिली, सागवानी, वेताच्या बैठकीची, तिचा उजवा हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला. टेबलाच्या खणात त्यांच्या चष्म्याचं घर राहून गेलं होतं. ते न्यायला काका परत आले नाहीत.

काळबांडे दर गुरुवारी तिथे जात. गुरुवारी बालाजीचं दुकान अर्धा दिवस बंद असे. घरून खळीचा डबा घेऊन जात आणि समोरच्या लाकडी स्टुलावर बसून पुस्तकं दुरुस्त करत. कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथपाल सुरुवातीला संकोचले, मग गुरुवारसाठी फाटकी पुस्तकं बाजूला काढून ठेवू लागले.

मी एकदा चारठाण्याच्या मंदिरांवर मजकूर करायला निघालो होतो आणि त्याच एसटीत ते भेटले. मांडीवर डबा होता. जिंतूर येईपर्यंत ते बाहेरची सोयाबीनची रानं बघत होते. मी विचारलं, इतक्या जागा बघता, मग हीच का?

त्यांनी मांडीवरचा डबा नीट केला.

"दुसऱ्याबी चालतील की. पोटाला काईबी चालतं," ते म्हणाले. "पर तुमी खरं इचारता मनून सांगतो. सकाळी कुलूप काढायचं. आत जायचं. रातभर बंद पुस्तकांचा जो पैला वास येतो ना, तो खिडकी उघडली की जातो. एकाच मानसाला मिळतो. तेवढा मला मिळावा. दुसरं काई लय मोठं न्हाई."

एवढं सलग ते स्वतःबद्दल पुन्हा बोलले नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

वयाची अट जवळ येत होती. अभ्यासिकेतल्या सगळ्या मुलांना ती ठाऊक होती, कारण प्रत्येकालाच आपापली ठाऊक असते. कुणाची निवड झाली की त्याने अभ्यासिकेत जिलेबी आणायची, आपली खुर्ची स्वतःच्या हाताने पुसायची आणि पुढच्याला द्यायची, अशी तिथली रीत. काळबांड्यांनी अशा कितीतरी जिलेब्या खाल्ल्या. पुसलेल्या खुर्चीवर कोण बसणार हेही बहुतेक वेळा तेच ठरवत. त्यांची स्वतःची खुर्ची भिंतीकडेची होती.

त्यांच्या वयात बसणारी शेवटची जाहिरात चारठाण्याकडच्या एका शाळेची निघाली. प्रयोगशाळा सहायक, एक जागा. संस्थेच्या चिटणीसांना बालाजी ओळखत होता. त्याने शब्द टाकला. निवड जवळपास नक्की आहे, मुलाखतीला फक्त हजर राहायचं, असा निरोप आला. सुनीताबाईंनी नवा शर्ट स्वतः शिवला.

मुलाखतीच्या आधी काळबांडे जागा बघायला गेले.

तिथे काय झालं ते त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्रयोगशाळेत त्यांच्याच वयाचा एक माणूस परीक्षानळ्या धूत होता. तात्पुरता. दर वर्षी जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलमध्ये सोडायचे. तो मुलाखतीला येणार होता, पण चिटणीसांकडे त्याचं कुणी नव्हतं. काळबांडे कशासाठी आले आहेत हे त्याला लगेच कळलं. त्याने स्पिरिटच्या दिव्यावर चहा केला. कप एकच होता, तो पाहुण्याला दिला आणि स्वतः काचेच्या चंचुपात्रातून प्याला. मग उठून प्रत्येक कपाटाची किल्ली कुठे अडकवलेली असते ते दाखवलं. आम्लाची बाटली वरच्या फळीवर ठेवू नका, फळी हलते, असंही सांगितलं.

काळबांडे मुलाखतीला गेले नाहीत.

बालाजी त्यांच्याशी आठवडाभर बोलला नाही. मग बोलला ते दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. "काय मिळालं तुमाला? सांगा की सगळ्यांला. सोन्यासारखी नोकरी घालवली अन् काय मिळालं?"

काळबांडे संगणकावर कुणाचा तरी अर्ज भरत होते. "चहा पिलो त्याच्या हातचा," ते म्हणाले. "किल्ल्या दाखवल्या त्यानं मला. मी काय करू?"

"बघायला जायचंच कशाला मग? लोक काय बघून नोकरी करतात का?"

ते पुन्हा अर्ज भरू लागले. सुनीताबाई काय बोलल्या ते कळलं नाही. नवा शर्ट काळबांड्यांच्या अंगावर दिसला नाही. चारठाण्याची जागा शेवटी त्या तात्पुरत्या माणसालाच मिळाली का, याची मी नंतर चौकशी केली. मिळाली होती.

पुढच्या वर्षी, उन्हाळा सुरू होताना, जिंतूरच्या भरतीला मंजुरी आली.

जाहिरातीचा मजकूर आमच्या कार्यालयात संध्याकाळी आला. सलीमभाईंनी तो वाचला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ग्रंथालय सहायक, एक जागा. खाली वयाची अट. काळबांडे तिच्या बाहेर गेलेले होते, फार नाही, पण गेलेले होते. फोन करावा का, असं मी विचारलं. "सुबे वो खुद पढेंगे," सलीमभाई म्हणाले. "पढने दो."

सकाळी ते नेहमीच्या वेळी आले. पान उघडलं. सलीमभाई त्या दिवशी अमेरिकेबद्दल काही बोलले नाहीत. काळबांड्यांनी जाहिरात शेवटपर्यंत वाचली, पुन्हा वरून वाचली. मग अंकाची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा उघडून घातली.

"आली," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी अभ्यासिकेतल्या रुक्मिणला फोन लावला. रुक्मिण सोनपेठजवळच्या एका खेड्यातली, ग्रंथालयशास्त्र झालेली, पुसलेल्या एका खुर्चीवर त्यांनीच बसवलेली. ते आमच्यासमोरच बोलत होते, त्यामुळे एकच बाजू ऐकू आली.

"जिंतूरची निघाली. भर." मग, "माझी-बिझी काई न्हाई. जागा कुणाची नसती, बाई." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरुवारी ये. आधी बघून येऊ."

त्या गुरुवारचं रुक्मिणने मला सांगितलं. ती गप्प बसणारी मुलगी नाही, पण हे तिने थांबत थांबत सांगितलं. ते तिला सगळीकडे घेऊन गेले. कोणती खिडकी पावसात फुगते, कोणत्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं, मोरचूद कुठे मिळतो. टेबलाशी आल्यावर तिने चुकून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो काढायला लावला.

"नेमणूक झाल्यावर," ते म्हणाले.

"सर, तुमी किती वर्षं यायलाव इथं. एकदाबी बसला न्हाईत?"

"न्हाई."

"कुणी बघत नसतानाबी?"

"कुणी बघत नसताना बसून काय करायचं?"

निवड रुक्मिणची झाली. तिने अभ्यासिकेत जिलेबी आणली. आपली खुर्ची पुसताना ती रडली, असं मुलं सांगतात. काळबांड्यांनी जिलेबी खाल्ली आणि हात धुवून बालाजीच्या दुकानात गेले.

त्यानंतर ते आमच्या कार्यालयात येत राहिले, पण उशिरा. छोट्या जाहिरातींचं पान उघडत, कधी न उघडताच पाणी पिऊन जात. ॲपची सूचना वाजली की मोबाइल काढून बघत. एकदा सलीमभाईंनीच विचारलं, "आज अमरिका में क्या?" त्यांनी वाचून दाखवलं. एका शाळेला ग्रंथालय सहायक हवा होता, लॉस एंजेलिसमध्ये. दोन्ही अर्थांनी एलए. सलीमभाई हसले. काळबांड्यांनी ती जाहिरात पूर्ण वाचली. खिडकीतून समुद्र दिसतो का ते लिहिलेलं नव्हतं.

मेअखेरीस सुनीताबाईंच्या भावाने पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या गोदामात त्यांच्यासाठी काम बघितलं. खोकी मोजून आत घ्यायची, बाहेर द्यायची. ते जागा बघायला गेले नाहीत. मला हे सुनीताबाईंनी सांगितलं. ती माझी त्यांच्याशी दुसरी भेट. घरात बांधाबांध चालली होती. "म्हनलं, जाऊन या एकदा, बघून या. न्हाई म्हनले. बघायचं काय त्यात, म्हनले." त्या मशीनचा पट्टा काढत होत्या. "म्या म्हनलं, तुमी बघितल्याबगर कसं हो जायचं? मलाच कसंतरी व्हायलंय."

जाण्याआधीच्या गुरुवारी ते जिंतूरला गेले. सोबत खळीचा डबा नव्हता. रुक्मिण त्या वेळी ग्रंथालयात एकटी होती. ती उठून उभी राहिली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून म्हणाली, "बसा की सर. आता तर मीच म्हनायले."

"तुझी हाय ती," ते म्हणाले. "बस."

ती बसेपर्यंत ते उभे राहिले. सकाळी कुलूप कोण उघडतं, असं त्यांनी विचारलं. मीच, ती म्हणाली. वास येतो का, असं विचारलं. कशाचा ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं. येतो, ती म्हणाली.

त्यांनी खिशातलं पाकीट काढलं. माजी विद्यार्थ्यांना अनामत भरून सभासद होता येतं. इतकी वर्षं येऊन ते सभासद झाले नव्हते. कर्मचारी झाल्यावर सभासदत्व लागत नाही, म्हणून. त्यांनी अनामत भरली आणि आपला एक फोटो दिला. मग कपाटांमधून फिरून विहिरींच्या बांधकामावरचं एक जुनं पुस्तक आणलं. त्याचा पुठ्ठा त्यांनीच कधीतरी लावलेला होता. रुक्मिणने शिक्का मारला. पंधरा दिवसांची मुदत, ती सवयीने म्हणाली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

ते दाराकडच्या बाकावर, वाचकांच्या जागी, थोडा वेळ वाचत बसले. परभणीची एसटी लागली तेव्हा उठले. जाताना बाक टेबलाला समांतर सरकवून गेले.

गेल्या आठवड्यात मी जिंतूरला फोन केला. पुस्तकाची मुदत केव्हाच संपली आहे. रुक्मिणने त्यांना आठवण करून दिलेली नाही. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही.